कडाक्याच्या थंडीतील शिकारीचे महागडे कपडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत स्थायिक झालेली काही मराठी माणसे आता शेजाऱ्यांबरोबर किंवा कामावरच्या सहकाऱ्यांबरोबर नोव्हेंबरातल्या हरणांच्या शिकारीला जाऊ लागली आहेत. परवाना हातात पडतो न पडतो तोच त्यांच्यापुढे कपड्यांचा प्रश्न उभा राहतो, कारण नामांकित कंपनीचे एक जाकीट आणि त्याखालची छातीपर्यंत येणारी विजार, जिला इथे ‘बिब’ म्हणतात, ही जोडी मिळूनच हजार डॉलरच्या घरात जाते. मी मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनच्या जंगलांत बरेच हंगाम काढले आहेत, त्यात काही पैसे वाया घालवले आहेत आणि काही योग्य जागी लागले आहेत. खालची उत्तरे मुख्यतः पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या, मचाणावर एका जागी बसून केलेल्या शिकारीसंबंधी आहेत.

थोडक्यात सांगा, महागडे कपडे घ्यावेत की नाही?

तुम्ही वर्षातून चार-पाच दिवस, बंदुकीच्या हंगामात, तेही भिंती आणि छप्पर असलेल्या लाकडी खोपट्यात बसणार असाल, तर घेऊ नयेत. तुम्ही धनुष्याने शिकार करणार असाल, सप्टेंबरच्या मध्यापासून वर्षअखेरपर्यंत उघड्या मचाणावर पंचवीस-तीस वेळा बसणार असाल आणि त्यातल्या निम्म्या बैठका गोठणबिंदूच्या खाली होणार असतील, तर काही महागडे कपडे खरोखर किमतीला जागतात. मात्र सगळेच नाही, आणि ज्यावर माणूस सर्वांत आधी पैसे उधळतो ते जाकीट तर खरेदीच्या क्रमात सर्वांत शेवटी येते. हिशेब हंगामाचा करू नये, बसण्याच्या तासांचा करावा. सातशे डॉलरचे जाकीट दहा वर्षांत आठशे तास अंगावर राहिले, तर ते तासाला एका डॉलरहूनही स्वस्त पडते. तेच जाकीट वर्षातून दोन सकाळी वापरले, तर ते कपाटातच जुने होते.

चालताना उणे दहा अंशांतही घाम येतो, मग बसल्यावर एवढी हुडहुडी का भरते?

शांत बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर साधारण शंभर वॅट उष्णता निर्माण करते, म्हणजे एका जुन्या मोठ्या दिव्याइतकी. तोच माणूस ओझे घेऊन चढ चढू लागला की हा आकडा पाच-सहा पट होतो. म्हणून जे कपडे बर्फावरून घसरणाऱ्या किंवा डोंगर चढणाऱ्या माणसाला पुरतात, ते मचाणावरच्या शिकाऱ्याला मुळीच पुरत नाहीत, आणि खेळाच्या दुकानात ‘उणे वीसपर्यंत उबदार’ अशी चिठ्ठी पाहून घेतलेले जाकीट मचाणावर तासाभरात अपुरे वाटू लागते. त्या चिठ्ठीमागे बहुधा हालचाल करणारा माणूस गृहीत धरलेला असतो.

त्यात वारा भर घालतो. तापमान उणे दहा सेल्सिअस असताना ताशी तीस किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला तो उणे वीससारखा लागतो. आणि जमिनीपासून पंधरा-वीस फूट उंचीवरच्या मचाणावर वारा खालच्यापेक्षा नेहमीच अधिक असतो.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट घामाची आहे. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. पहाटेच्या अंधारात सगळे थर अंगावर चढवून अर्धा मैल बर्फ तुडवत गेलेला शिकारी मचाणाखाली पोहोचतो तेव्हा आतून ओला झालेला असतो, आणि मग बाहेरच्या जाकिटाची किंमत काहीही असो, त्याची सकाळ संपलेली असते. जाताना अंगात फक्त आतला पातळ थर आणि वर एखादा हलका शर्ट ठेवावा, बाकीचे पाठीवरच्या पिशवीला बांधून न्यावे, पहिली दहा मिनिटे थंडी वाजू द्यावी, आणि मचाणाखाली पोहोचून अंग थोडे निवल्यावर जाड कपडे चढवावेत. या सवयीला एक पैसाही लागत नाही, आणि माझ्या अनुभवात कोणत्याही जाकिटाने केला नसेल एवढा फरक तिने केला आहे.

मग जास्तीच्या पैशांत नेमके काय मिळते?

ऊब मिळते ती कापडात अडकून राहिलेल्या स्थिर हवेमुळे, आणि ती हवा किती जाडीची आहे यावर ऊब ठरते. या बाबतीत स्वस्त आणि महाग असा भेद फारसा नाही. जाड, ढगळ, चाळीस डॉलरचा कृत्रिम भरावाचा अंगरखा पाचशे डॉलरच्या अंगरख्याइतकाच उबदार असू शकतो. किंमत मोजावी लागते ती इतर तीन गोष्टींसाठी.

पहिली गोष्ट म्हणजे वारा अडवणारा आतला पातळ पडदा. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनचा दांडा एकदम ताणून सूक्ष्म छिद्रांचा जो पदार्थ मिळवला, त्यातून पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणारे गोर-टेक्स आले आणि पुढे केवळ वारा अडवणारे विंडस्टॉपरसारखे पडदे आले. असा पडदा नसलेले फ्लीसचे, म्हणजे लोकरीसारखे मऊ कृत्रिम, कापड स्थिर हवेत छान असते, पण वाऱ्यात चाळणीसारखे वागते.

दुसरी गोष्ट म्हणजे शांतता, आणि धनुष्याने शिकार करणाऱ्यासाठी हीच सर्वांत मोलाची आहे. वारा अडवणारी बहुतेक कापडे कडक असतात आणि थंडीत आणखी कडक होऊन कागदासारखी वाजतात. पडद्यावर मऊ, लव असलेले कापड असे चिकटवायचे की वाराही अडावा आणि हात हलवला तरी आवाज होऊ नये, हे काम खर्चाचे आहे. माझ्या दुसऱ्या हंगामात मी दुकानदाराच्या शब्दावर एक जलरोधक जाकीट घेतले होते. वीस पावलांवर उभी असलेली मादी मी धनुष्य ताणताना बाहीची झालेली सळसळ ऐकून अशी उधळली की ते जाकीट मी पुन्हा शिकारीला नेले नाही. दोनशे पावलांवरून बंदुकीने नेम धरणाऱ्याला मात्र या शांततेचा फारसा उपयोग नाही, म्हणून त्याने तिचे पैसे मोजण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे कमी जाडीत अधिक ऊब. १९८० च्या दशकात अमेरिकी सैन्यासाठी, ओले झाल्यावरही उबदार राहील असा पिसांचा पर्याय म्हणून प्रायमालॉफ्ट विकसित झाले. त्याआधी मिनेसोटाच्याच थ्रीएम कंपनीने थिन्सुलेट हा बारीक तंतूंचा भराव आणला होता. बारीक तंतूंमुळे हे भराव तेवढ्याच जाडीत अधिक हवा धरून ठेवतात. फुगीर बाहीवर धनुष्याची दोरी आपटून बाण भरकटतो, आणि फुगीर खांद्यावर बंदुकीचा दस्ता नीट बसत नाही, म्हणून हा फायदा खरा आहे. पण तो सोयीचा आहे, उबेचा नाही.

उरलेली किंमत जाहिरातीची, नावाची आणि नक्षीची, म्हणजे झाडापानांत मिसळून जाण्यासाठी कापडावर छापलेल्या रंगांची, असते.

नक्षीवर पैसे खर्च करावेत का?

बंदुकीच्या हंगामात मुळीच नाही. विस्कॉन्सिनमध्ये त्या काळात कमरेवरच्या बाहेरच्या प्रत्येक कपड्याचा निम्मा तरी भाग भडक नारिंगी किंवा, २०१६ पासून, भडक गुलाबी असावा लागतो, आणि त्या दिवसांत जंगलात धनुष्य घेऊन जाणाऱ्यालाही हा नियम लागू आहे. मिनेसोटातही असाच नियम आहे. सहाशे डॉलरच्या नक्षीदार जाकिटावर शेवटी दहा-पंधरा डॉलरचे नारिंगी जाकीटच चढवावे लागते.

हरणाला नारिंगी आणि हिरवा हे रंग माणसासारखे वेगळे दिसत नाहीत. निळा मात्र त्याला चांगला दिसतो. म्हणून मचाणावर निळी जीन्स घालू नये आणि कपडे चकाकी आणणाऱ्या साबणात धुऊ नयेत. हालचाल हरणाला सर्वांत आधी दिसते, आणि थंडीने काकडलेला माणूस चुळबुळ करतो.

गंध रोखणाऱ्या कपड्यांचे काय?

माझे मत प्रतिकूल आहे. हरणाचे नाक माणसाच्या कल्पनेपलीकडचे तीक्ष्ण असते आणि तोंडातून बाहेर पडणारा श्वास कोणताही कपडा रोखत नाही. वाऱ्याची दिशा पाहून मचाण निवडावे.

जुन्या लोकरीच्या कपड्यांनी भागते का?

पुष्कळ वेळा भागते, आणि या प्रश्नाचे उत्तर मराठी माणसाला समजावून सांगावे लागू नये. भर पावसात मेंढरांमागे उभा असलेला धनगर घोंगडी पांघरून असतो, कारण ओली झाली तरी घोंगडी ऊब धरते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही. शिवाय ती वाजत नाही, आणि शेकोटीची ठिणगी पडली तर कृत्रिम कापडासारखी वितळत नाही. पेनसिल्व्हेनियात १८३० मध्ये सुरू झालेली वुलरिच आणि सिएटलमध्ये १८९७ मध्ये सुरू झालेली फिल्सन या कंपन्यांच्या लोकरी कपड्यांवर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी हिवाळे काढले आहेत.

लोकरीचे दोष दोन. ती जड असते आणि वारा पूर्ण अडवत नाही. दुसऱ्या दोषावर उपाय असा की लोकरीच्या आत, शर्टावर, वारा अडवणारी एक पातळ बंडी घालावी. तिची सळसळ बाहेरच्या लोकरीखाली दबून जाते. सैन्याचा जुना माल विकणाऱ्या दुकानात जाड लोकरी विजारी आजही तीस-पन्नास डॉलरला मिळतात आणि त्या नव्या महागड्या विजारींच्या तोडीच्या असतात. अंगाला टोचणारी लोकर आतल्या थरासाठी चालत नाही. तिथे मऊ मेरिनो लोकर किंवा चांगले कृत्रिम थर्मल हवे. सुती बनियन कोणत्याही परिस्थितीत नको, कारण सूत घाम शोषते आणि वाळत नाही.

पिसांचे जाकीट?

कोरड्या, कडक थंडीत वजनाच्या मानाने बदकाच्या किंवा हंसाच्या पिसांइतके उबदार दुसरे काही नाही. पण पिसे ओली झाली की गोळा होतात आणि ऊब जाते, आणि नोव्हेंबरचा पहिला आठवडा इकडे बहुधा ओला असतो. वाऱ्याच्या जाकिटाखाली मधला थर म्हणून पातळ पिसांची बंडी उत्तम. सर्वांत बाहेर पिसांचे जाकीट घालू नये; फांदीला लागून फाटले की पिसे उडताना दिसतात.

सर्वांत आधी पैसे कशावर घालावेत?

पायांवर. मचाणावरून वेळेआधी उतरलेल्या माणसाला विचारले, तर दहापैकी नऊ जण पाय बधिर झाले म्हणून उतरलो असे सांगतील. माझ्या पहिल्या हंगामात माझ्याकडे उसने आणलेले अतिशय भारी जाकीट होते आणि पायांत चालण्याचे साधे बूट, त्यात दोन जाड सुती मोजे कोंबलेले. साडेसहाला बसलो आणि सव्वाआठला अंगठे दगडासारखे झाले. जाकिटाच्या आत मी अगदी उबदार होतो आणि तरीही मला घरी जावे लागले.

चूक मोज्यांच्या जाडीत नव्हती, बूट घट्ट होण्यात होती. घट्ट बुटात रक्ताभिसरण मंदावते आणि हवेचा थरही दाबून नाहीसा होतो. जाड लोकरी मोजा घालूनही बोटे मोकळी हलतील असा, एक माप मोठा बूट घ्यावा. आत काढता येणारे नमद्याचे अस्तर असलेले, खाली रबर आणि वर चामडे असे बूट दीडशे ते अडीचशे डॉलरमध्ये येतात. रात्री अस्तर काढून वाळवता येते आणि हीच त्यांची खरी खुबी आहे, कारण दिवसभराच्या घामाने ओले राहिलेले अस्तर दुसऱ्या पहाटे निरुपयोगी असते. चालत जाताना एक मोजा आणि बसताना दुसरा कोरडा मोजा, एवढे केले तरी एक तास वाढतो.

मचाणाची पायाखालची लोखंडी जाळी तळव्यातून उष्णता ओढून घेते. तिच्यावर जुन्या गालिच्याचा किंवा फोमचा तुकडा टाकावा आणि बसायलाही फोमची गादी घ्यावी. बसल्यानंतर बुटांवरून चढवायचे उबदार खोळ मिळतात. साध्या बुटांवर ते चढवले तर भारी बूट घेण्याची गरजही पुष्कळदा उरत नाही. हवा लागताच गरम होणाऱ्या पुड्या बुटात घालायच्या असतील तर पायाच्या बोटांसाठी म्हणून मिळणाऱ्याच घ्याव्यात. त्यांतली लोखंडाची भुकटी हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून तापते, आणि घट्ट बुटात हवाच नसल्याने हाताच्या पुड्या तिथे विझल्यासारख्या होतात.

आणि हात?

जाड हातमोज्यांत बोट बंदुकीच्या घोड्यावर नीट बसत नाही, म्हणून महागड्या हातमोज्यांच्या मागे लागू नये. कमरेला बांधायची, दोन्ही बाजूंनी हात घालता येतील अशी उबदार नळीसारखी पिशवी मिळते. तिच्यात दोन गरम पुड्या टाकाव्यात आणि हातांत पातळ लोकरी मोजे ठेवावेत. तीस डॉलरच्या आतली ही वस्तू मला दीडशे डॉलरच्या हातमोज्यांपेक्षा चांगली वाटते. बॅटरीवर तापणाऱ्या बंड्या आणि मोजे सुखद असतात, पण कडक थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून त्यांच्या भरवशावर इतर थर कमी करू नयेत.

स्वस्त कपड्यांमुळे जिवाला धोका होऊ शकतो का?

धोका किमतीमुळे होत नाही, हवामानाचा अंदाज चुकल्याने आणि ओले झाल्याने होतो. ११ नोव्हेंबर १९४० ची घटना इकडचे जुने शिकारी अजून सांगतात. त्या सकाळी हवा इतकी उबदार होती की मिसिसिपी नदीतल्या बेटांवर बदकांच्या शिकारीला गेलेले कित्येक जण हलक्या कपड्यांतच निघाले होते. दुपारपर्यंत वादळी वारा, पाऊस आणि मग हिमवर्षाव सुरू झाला, लाटांमुळे होड्या परत आणता येईनात, आणि ओल्या कपड्यांत रात्र काढावी लागलेले अनेक जण सकाळपर्यंत गोठून मेले. एकट्या मिनेसोटात त्या वादळाने ४९ बळी घेतले आणि त्यांत निम्म्याच्या आसपास बदकांचे शिकारी होते. विनोना गावचे वैमानिक मॅक्स कॉनराड यांनी दुसऱ्या दिवशी छोट्या विमानातून अडकलेल्यांचा शोध घेतला आणि त्यांच्यासाठी सामान टाकले, म्हणून काही जण वाचले.

तेव्हा पिशवीत एक जास्तीचा कोरडा थर, कानटोपी, काडेपेटी आणि वारा-पाऊस अडवणारे काहीतरी नेहमी असावे. बोलताना जीभ जड होणे, पाय अडखळणे, साधी गाठ न सुटणे ही शरीर आतून थंड पडू लागल्याची चिन्हे आहेत. ती दिसताच उतरावे, कारण त्यानंतर शिडीवरून उतरणेच धोक्याचे होते. मचाणावर जाणाऱ्याने जाकिटाआधी संपूर्ण शरीराचा चांगला सुरक्षा-पट्टा घ्यावा, आणि तो जाड कपड्यांवरून नीट आवळता येतो का हे घरीच पाहावे.

डोंगरातल्या शिकारीलाही हेच लागू होते का?

नाही. मोंटाना, वायोमिंग किंवा कोलोरॅडोच्या डोंगरांत एल्क या मोठ्या हरणाच्या मागे दिवसाला आठ-दहा मैल चालणाऱ्याला वजन, घाम बाहेर जाणे आणि कपडा लवकर वाळणे यांचे मोल जास्त असते. सिटका, क्यूयू आणि फर्स्ट लाइट या कंपन्यांची ख्याती मुख्यतः या शिकारीमुळे झाली, आणि सगळे सामान पाठीवर घेऊन पाच रात्री बाहेर राहणार असाल तर त्यांच्या कपड्यांचा खर्च मला रास्त वाटतो. तरीही गिर्यारोहकांचे करड्या-तपकिरी रंगाचे चांगले कपडे घरात असतील, तर तेवढ्यावरही काम होते.

मर्यादित पैशांत कोणत्या क्रमाने खरेदी करावी?

बूट आणि मोजे, मग मेरिनोचे आतले कपडे, मग हातांची पिशवी, कानटोपी आणि गळपट्टा, मग सैन्याच्या मालातली लोकरी विजार, मग वारा अडवणारी बंडी. एवढे सुमारे चारशे-पाचशे डॉलरमध्ये होते आणि उणे दहापर्यंत तीन-चार तास बसता येते. त्यानंतर एक पूर्ण हंगाम काढावा आणि आपल्याला थंडी नेमकी कुठे वाजते ते पाहावे. महागडे काही घ्यायचेच ठरले तर मी बिब आधी घेईन, जाकीट नंतर, कारण बिब कमर आणि पाठीचा खालचा भाग झाकते आणि तिथूनच वारा आत शिरतो.

खरेदी फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी, तेव्हा दुकाने उरलेला माल उतरवतात. शिकार सोडलेल्या किंवा अंगाने वाढलेल्या माणसांचे कपडेही त्याच सुमारास विकायला येतात आणि उत्तम कंपनीचा जुना कपडा हा माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे.

धुण्याबद्दल काही पथ्ये?

साधा साबण पडद्याच्या कापडात साचतो आणि पाणी झटकण्याचा गुण घालवतो, म्हणून त्यासाठीचे खास द्रव वापरावे आणि चिठ्ठीवर परवानगी असेल तर मंद आचेच्या यंत्रात वाळवावे; उष्णतेने तो गुण काही अंशी परत येतो. लोकर थंड पाण्यात, हाताने.

हे कपडे भारतात उपयोगी पडतील का?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार भारतात शिकारीला बंदी आहे, तेव्हा त्या कामासाठी नाही. पण लडाखमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत हिमबिबट्या पाहण्यासाठी कड्याकडे डोळे लावून तासन् तास बसणाऱ्याची अडचण अगदी मचाणावरच्या माणसासारखीच असते, आणि पायांपासून सुरुवात करण्याचा क्रम तिथेही तोच राहतो.

मुलांसाठी भारी कपडे घ्यावेत का?

घेऊ नयेत. मूल दोन हंगामांत त्यातून मोठे होते. मोठ्यांच्या जुन्या लोकरी सदऱ्याच्या बाह्या दुमडून चालतात, बूट मात्र मापाचे आणि सैलसर हवेत. लहान शरीर मोठ्यापेक्षा लवकर थंड पडते आणि मूल वडिलांना वाईट वाटेल म्हणून बराच वेळ सांगत नाही, म्हणून अर्ध्या तासाने आपणच त्याच्या हातमोज्यात बोट घालून पाहावे. बोटे गार लागली तर धनुष्य किंवा बंदूक आधी दोरीने खाली सोडावी, मग मुलाला उतरवावे, आणि गाडीत ठेवलेल्या थर्मासमधला गरम चहा किंवा दूध त्याला द्यावे.